हार्विकचे स्कोग

आमच्या टॉलेरुड कॉलेजच्या फुटबॉल टीमने आठ वर्षांत एकही सामना जिंकला नव्हता. आठव्या वर्षाच्या शेवटी आमचे कोच बड क्रॉसबी यांनी कपडे बदलायच्या खोलीत खुर्ची भिरकावली. खुर्ची खिडकीतून बाहेर गेली, मागोमाग बडही दारातून बाहेर गेले, आणि थेट अ‍ॅरिझोनाच्या वाळवंटात जाऊन बोटी विकू लागले. तिथे पाणी कमी आहे हे त्यांना कोणी सांगितलं नाही. आमच्या नॉर्थ डकोटात असं कुणाच्या तोंडावर सांगत नाहीत.

मी व्हर्लिन स्टेन्सरुड, बडचा असिस्टंट. टीमची बस चालवायची, पोरांचे घोटे बांधायचे आणि फेकलेल्या वस्तू गोळा करायच्या, ही माझी कामं. आमच्याकडचा फुटबॉल म्हणजे पायाचा कमी आणि खांद्याचा जास्त: लांबट चेंडू काखेत मारायचा आणि समोरच्या अकरा धटिंगणांना चुकवत त्यांच्या शेवटच्या रेषेपलीकडे जायचं. आमची पोरं जायची नाहीत. पोरं वाईट नव्हती. बीटच्या आणि सूर्यफुलाच्या शेतांवर वाढलेली, अंगापिंडाने भक्कम. पण प्रत्येक जण समोरच्याला आधी वाट द्यायचा.

नवा कोच शोधायचं काम आमचे अध्यक्ष डॉ. हेगेन यांनी स्वतःकडे घेतलं. डॉ. हेगेन पूर्वी पाद्री होते, आणि हवापाण्याविषयी बोलतानाही त्यांचा आवाज प्रार्थनेतल्यासारखा असायचा. पूर्वेकडच्या एका शाळेला तीनदा राज्याचं अजिंक्यपद मिळवून देणारे लेलँड स्कोग मोकळे झाले आहेत असं त्यांनी ऐकलं. त्यांनी फोन फिरवला. लागला तो लेलँड स्कोग यांनाच, पण हार्विकच्या. हार्विकचे स्कोग मयतांची व्यवस्था बघत. पेटी, फुलं, गाडी, चर्च, कबरस्तान, सगळं. चाळीस वर्षांत त्यांच्याबद्दल एकाही गिऱ्हाइकाची तक्रार नव्हती, असं हार्विकचे लोक म्हणतात, आणि पुढे हसत नाहीत.

तो फोन कसा झाला हे मला नंतर दोन्ही बाजूंनी कळलं, म्हणून सांगतो.

"मिस्टर स्कोग," डॉ. हेगेन म्हणाले, "टॉलेरुडला आम्हाला तुमची फार गरज आहे. आम्ही आठ वर्षं फार सोसलंय."

"अरेरे," स्कोग म्हणाले.

"मागच्या हंगामात तर नऊच्या नऊ गेले."

"नऊ! एका हंगामात?" स्कोगांना खाली बसावं लागलं. "वयं काय होती हो?"

"अठरा ते बावीस. सगळी कॉलेजची पोरं."

"आणि आईवडील?"

"येतात बिचारे. थंडीत उभे राहून बघतात, आणि गुपचूप घरी जातात."

"तुमच्याकडे या कामाला कोणी माणूस नव्हता का?"

"होता. पण तो आरडाओरडा करायचा. मागच्या वेळी तर खुर्ची फेकली."

स्कोगांनी फोन दुसऱ्या कानाला लावला. त्यांच्या धंद्यात खुर्ची फेकणारा माणूस त्यांनी ऐकलादेखील नव्हता. "डॉक्टरसाहेब," ते म्हणाले, "मी सोमवारी निघतो."

सोमवारी चर्चच्या तळघरात आम्ही स्वागताची तयारी केली होती. चर्चचं स्वयंपाकघर सांभाळणाऱ्या बोर्गहिल्ड आउने बाईंनी बटाटा-खिम्याचं हॉटडिश केलं होतं, लिंबाच्या वड्या थापल्या होत्या. अख्खी टीम धुतलेले शर्ट घालून ओळीने उभी होती. बाहेर गाडी थांबल्याचा आवाज आला. आम्ही टाळ्या वाजवत पायऱ्या चढून वर आलो, आणि टाळ्या आपोआप विरल्या. दारात लांबलचक काळी शववाहिका उभी होती. तिच्यातून काळ्या सूटमधले, उंच, किंचित पुढे झुकलेले एक गृहस्थ उतरले, हॅट काढून छातीशी धरली आणि आमच्यावरून सावकाश नजर फिरवली. पन्नास धडधाकट पोरं पाहून त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी विसरलेलो नाही. उरलेली एवढीच, असं त्यांना वाटत होतं.

"तुम्ही फार धीराने घेतलंय," ते पोरांना म्हणाले.

मी डॉ. हेगेनांकडे बघितलं. त्यांचा चेहरा हळूहळू पांढरा झाला. त्यांना कळलं. मला कळलं. बोर्गहिल्डबाईंना तर गाडीचं चाक दिसलं तेव्हाच कळलं असावं. पण माणूस दीडशे मैल गाडी हाकत आलेला. अशा वेळी बोलायचं काय, आणि सुरुवात कुणी करायची?

"प्रवास बरा झाला ना?" डॉ. हेगेन म्हणाले.

"वाऱ्याने जरा त्रास दिला."

"वारा आहेच," डॉ. हेगेन म्हणाले. सगळ्यांनी मान डोलावली, आणि आम्ही खाली जेवायला गेलो.

जेवताना एल्रॉय ब्राटलंड त्यांच्या शेजारी बसला होता. एल्रॉय म्हणजे आमच्या पुढच्या फळीतला सगळ्यात मोठा मुलगा, दारातून आडवा होऊन शिरणारा, आणि कॉलेजच्या गायकवृंदात सगळ्यात खालच्या पट्टीचा. त्याने विचारलं, "कोच, या वर्षी आपण कुठला डाव खेळायचा?"

वडी तोंडाकडे नेत असलेला स्कोगांचा हात थांबला. त्यांनी भिंतीवरचं कापड वाचलं: 'कोच स्कोग, सुस्वागतम्'. मग लांब टेबलावरच्या आशाळभूत चेहऱ्यांकडे बघितलं. त्यांनाही कळलं. पण हॉटडिश खाऊन झालं होतं. एखाद्याचं हॉटडिश खाल्ल्यावर त्याला 'तुमची चूक झाली' असं कसं म्हणणार?

"तुम्हाला काय योग्य वाटतं?" स्कोगांनी विचारलं. चाळीस वर्षं त्यांनी दुःखी घरांना हाच प्रश्न विचारला होता.

एल्रॉयला आजवर कोणी असं विचारलं नव्हतं. तो इतका भारावला की वड्यांचं ताट त्याने एकही वडी न घेता पुढे सरकवलं.

भीड ही भिकेची बहीण म्हणतात. आमच्या गावात ती प्रत्येक घरात नांदते. सराव मी घ्यायचा आणि स्कोगांनी कडेला दोन्ही हात पुढे जोडून, मान किंचित कलती करून उभं राहायचं, असं न ठरवता ठरलं. एखादा पोरगा धडकून पडला की ते लगबगीने जायचे, त्याच्याशेजारी गुडघा टेकायचे आणि तो उठून बसला की इतके मनापासून चकित व्हायचे की पोराला आपण काहीतरी पराक्रम केला असं वाटायचं.

पहिला सामना घरच्याच मैदानावर होता. बावन्न-शून्य. अर्थात शून्य आमचं.

सामन्यानंतर पोरं खोलीत येऊन खाली मान घालून बसली आणि सवयीने काहीतरी फेकलं जायची वाट बघू लागली. क्वार्टरबॅक मायलो न्यूगार्ड, म्हणजे चेंडू फेकणारा पोरगा, याने तर हेल्मेट काढलंच नाही. बडच्या काळात ते घालून बसणंच शहाणपणाचं होतं. दार उघडलं. स्कोग आत आले. ते पहिल्या पोरापाशी गेले, त्याचा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला आणि हलक्या आवाजात म्हणाले, "फार वाईट झालं." मग दुसऱ्यापाशी. मग तिसऱ्यापाशी. घाई नाही, गडबड नाही. पन्नास पोरं, पन्नास वेळा. प्रत्येकाला वाटावं की हा पराभव खास त्याच्या घरातला आहे. मायलोपाशी आले तेव्हा म्हणाले, "तुम्ही सामन्याच्या शेवटच्या क्षणापर्यंत त्याच्याजवळ होतात. तेवढंच आपल्या हातात असतं." मायलोने हेल्मेट काढलं आणि तो ढसाढसा रडला. एल्रॉय त्याच्याआधीच रडत होता.

"चला," स्कोग म्हणाले. "खाली थोडं खाऊन घ्या. अशा वेळी पोटात काहीतरी हवं."

तळघरात बोर्गहिल्डबाईंनी हॅमचे सँडविच, कॉफी आणि पेटीवादक बसवून ठेवला होता. आईवडील एका ओळीत उभे. येणारा प्रत्येक जण पोरांचे हात हातात घेऊन चांगल्या आठवणी सांगत होता. "दुसऱ्या भागात एकदा तू पाच पावलं पुढे गेलास, मी बघितलं हो." "किती सुंदर पडलास रे!"

"एवढा चांगला पराभव मी जन्मात बघितला नाही," निघताना बोर्गहिल्डबाई म्हणाल्या.

पुढच्या सामन्याला दुप्पट माणसं आली. तिसऱ्याला आजूबाजूच्या गावांतून आली. काही जण सामना संपता संपताच यायचे, सरळ तळघरात उतरायचे. हरणं इतकं नीटनेटकं झालं होतं की कुणाला त्यात उणं काढता आलं नसतं.

परगावी जाताना हेल्मेटं आणि गुडघ्याचे पट्टे शववाहिकेत, शवपेटीच्या जागी ठेवायचो. बस माझ्याऐवजी एक पालक चालवू लागले आणि मी स्कोगांशेजारी बसू लागलो. समोरून येणारी वाहनं रस्त्याच्या कडेला थांबायची, शेतकरी टोप्या काढायचे, त्यामुळे आम्ही कायम लवकर पोचायचो. समोरच्या टीमची पोरं मैदानावर हसतखिदळत असायची, मग काळी गाडी कुंपणाच्या कडेने सावकाश आत यायची. तिचं मागचं दार उघडून काळ्या सूटमधला माणूस आदबीने एकेक हेल्मेट बाहेर काढायचा. हसणं बंद व्हायचं.

अशाच एका प्रवासात त्यांनी मला आग्नेसबद्दल सांगितलं. आग्नेस त्यांची बायको. मार्चमध्ये गेली. तिची व्यवस्था त्यांनीच केली, दुसरं कोण होतं? दारात उभे राहून येणाऱ्यांचे हात त्यांनीच हातात घेतले, 'आलात, बरं वाटलं' असं तेच म्हणाले.

"लोकांनी काय म्हणायचं ते सगळं आधी मीच म्हणून टाकलं हो, व्हर्लिन," ते म्हणाले. "सवय. त्यांना बोलायला काही उरलंच नाही. मग कॉफी झाली, लोक गेले. मी खुर्च्या घडी घालून ठेवल्या." मग म्हणाले, "तुमच्या डॉक्टरसाहेबांचा फोन आला तेव्हा नऊ पोरं गेली म्हणाले. इतकं मोठं दुःख ऐकून मला, खोटं कशाला बोलू, निघायला बरं वाटलं."

मला काहीतरी म्हणायला हवं होतं. मी म्हणालो, "यंदा बीट चांगलं आलंय."

"आलंय खरं," ते म्हणाले.

ऑक्टोबरात, बीटचे ट्रक रात्रंदिवस रस्त्यावर माती सांडत धावत होते त्या आठवड्यात, आम्ही जिंकलो.

कसे ते मला अजून नीट सांगता येत नाही. पोरांना आता हरायची भीती उरली नव्हती, हे एक. हरलं की सँडविच होते, पेटीवरची गाणी होती, दोन ऊबदार हात होते. ती मोकळेपणाने खेळू लागली होती. शेवटच्या मिनिटाला समोरच्याच्या हातून चेंडू निसटला, घरंगळत त्यांच्या रेषेपलीकडे गेला, आणि एल्रॉय त्याच्यावर पडला. त्याने तो पकडला नव्हता. तो नुसता पडला होता. पण एल्रॉय जिथे पडतो तिथून कुणाला काही काढून घेता येत नाही.

आमच्या लोकांना काय करायचं असतं ते आठवेना. कोणीतरी टाळी वाजवली आणि शेजाऱ्याची माफी मागितली.

स्कोग पांढरेफटक पडले होते. खोलीत ते एल्रॉयसमोर उभे राहिले आणि त्यांनी त्याचा हात हातात घेतला. "फार..." ते म्हणाले. "फार..." चाळीस वर्षांत त्यांनी एकाही माणसाचं अभिनंदन केलं नव्हतं. त्यांनी हात सोडला, माझ्याकडे वळून हळूच विचारलं, "व्हर्लिन, मग आज ते दुसरे लोक कुठे आहेत? ज्यांचं गेलं ते?"

ते पाहुण्यांच्या खोलीत गेले. पाच मिनिटांनी आतून रडण्याचा आवाज आला, पोरांचा, आणि त्यात एक जाड घोगरा, त्यांच्या कोचचा. मग ती सगळी टीम स्कोगांमागून रांगेने तळघरात उतरली आणि हॅमचे सँडविच खाऊ लागली. आमची पोरं जिन्यात उभी राहून वाकून बघत होती.

"च्यायला," मायलो म्हणाला, "ते आपले सँडविच आहेत."

"गप रे," एल्रॉय म्हणाला. "त्यांच्या घरात दुःख आहे."

त्यानंतर आणखी दोन सामने जिंकलो. आता शेवटचा उरला, केसलिंग कॉलेजशी, आमच्याच मैदानावर. केसलिंग आमच्यापासून बत्तीस मैलांवर. त्यांनी आम्हाला कायमच हरवलेलं. त्यांनीही त्या वर्षी नवा कोच आणला होता. सामन्याच्या दिवशी सकाळपासून बर्फ पडत होतं. निवेदन करणाऱ्या माणसाने कर्ण्यावर नावं वाचायला घेतली: "टॉलेरुडचे कोच, लेलँड स्कोग." मग थांबला. कागद जवळ धरला. "केसलिंगचे कोच... लेलँड स्कोग." पुन्हा थांबला. "हवामान, बर्फ," म्हणाला आणि कर्णा बंद केला.

केसलिंगचे स्कोग, म्हणजे ते तीन अजिंक्यपदांवाले, बुटके, लालबुंद, गळ्यात शिट्टी. उन्हाळाभर ते टॉलेरुडच्या फोनची वाट बघत बसले होते. कुणीतरी त्यांना सांगितलं होतं की येणार म्हणून. फोन आला नाही तेव्हा केसलिंगने बोलावलं तिथे गेले, आणि तिथे पोचल्यावर ऐकलं की टॉलेरुडला म्हणे लेलँड स्कोग रुजू झालेत, हार्विकचे, मयतांच्या धंद्यातले. सगळा हंगाम त्यांनी ते मनात कुढत काढला. शिवाय ते मूळचे बॉस्टनकडचे. मनातलं ओठांवर आणायला त्यांना वेळ लागत नसे.

अर्धा खेळ झाला तेव्हा केसलिंग तेरा, आम्ही शून्य. आमचे स्कोग सवयीप्रमाणे मैदान ओलांडून त्यांना भेटायला गेले आणि हात पुढे केले. तेव्हा त्या दुसऱ्या स्कोगांचा बांध फुटला.

"अहो, हा माणूस कोच नाही!" ते प्रेक्षकांकडे वळून ओरडले. शेवटच्या बाकापर्यंत आवाज स्वच्छ पोचला. "कळतंय का तुम्हाला? हा कोच नाही! हा मढी पुरतो!"

प्रेक्षकांतून बोर्गहिल्डबाईंचा आवाज आला, "शी! चारचौघांत असं बोलतात का कुणाला?"

डॉ. हेगेन उठून उभे राहिले. त्यांच्या टोपीवर बर्फाचा थर होता. "आम्हाला माहीत आहे, मिस्टर स्कोग," ते म्हणाले. "सगळ्यांनाच माहीत आहे."

"माहीत आहे? कधीपासून?"

"ऑगस्टपासून."

"मग बोलला का नाहीत?"

डॉ. हेगेनांनी विचार केला. "विषय निघाला नाही," ते म्हणाले, आणि खाली बसले.

संपूर्ण मैदानावर एकाच माणसाला धक्का बसला, आणि तो म्हणजे आमचे स्कोग. आपण फसवतो आहोत असं त्यांना इतके महिने वाटत होतं. त्यांनी हॅट घातली, सावकाश चालत शववाहिकेत जाऊन बसले. मी मागून गेलो, शेजारच्या जागेवर बसलो. काचेवर बर्फ साचत होतं.

"व्हर्लिन, तुम्हालाही?"

"गाडी थांबली तेव्हाच."

"मी सप्टेंबरपासून सांगणार होतो हो. देवाशपथ. पण दरवेळी तोंड उघडलं की कोणीतरी कॉफी आणून द्यायचं." त्यांनी दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवले. "आता हार्विकला निघावं मी. दिवस आहे तोवर."

काचेवर टकटक झाली. बर्फ पुसलं तर बाहेर एल्रॉय. काच खाली घेतली.

"कोच, खेळ सुरू व्हायचाय. काय करायचं ते सांगा."

"तुम्हाला काय योग्य—"

"नाही," एल्रॉय म्हणाला. इतक्या दिवसांत कुणाला 'नाही' म्हणताना मी त्याला पहिल्यांदाच ऐकलं. त्याचे कान लाल झाले. "आम्ही सगळं वर्ष सांगितलं. आज तुम्ही सांगा. काहीही सांगा, पण तुम्ही सांगा."

स्कोगांनी स्टिअरिंगवरचे हात खाली घेतले. मग घसा साफ करून म्हणाले, "असं बघा, तुमची फार गैरसोय होणार नसेल, तर जिंका."

एल्रॉय धावत गेला. त्याने पोरांना नेमकं काय सांगितलं ते मला ऐकू आलं नाही, पण टीममधून असा एक आवाज आला की केसलिंगच्या बाजूचा एक बाक उलटला.

दुसऱ्या भागात आमच्या पोरांनी कुणालाही वाट दिली नाही. धडक मारून पाडायचं, हात देऊन उठवायचं, 'लागलं नाही ना' विचारायचं, आणि पुन्हा पाडायचं. तेरा-दहापर्यंत आलो. शेवटच्या काही सेकंदांत मायलो चेंडू काखेत मारून बर्फाच्या पडद्यात घुसला, केसलिंगचा एक लांबोडका पोरगा त्याच्या पायाला लटकला, आणि दोघे मिळून रेषेवर पडले. म्हणजे रेषा जिथे असायला हवी होती तिथे. रेषा कधीच बर्फाखाली गेली होती.

पंच धावत आला. त्याने पायाने बर्फ उकरलं, गवत दिसलं, रेषा नाही. आमच्याच भागातला वयस्क माणूस. त्याने मायलोला विचारलं, "काय रे, पोचलास का?"

"मला वाटतं नाही पोचलो," मायलो म्हणाला. "गुडघा आधी टेकला असावा."

"छे छे," पायाला लटकलेला पोरगा म्हणाला, "तो पोचला होता. मी बघितलं."

"नाही हो. तुम्ही वेळेवर धरलंत."

"उगाच काहीतरी. तुमचंच आहे ते."

"नको, खरंच नको."

कडेला केसलिंगचे स्कोग शिट्टी चावत नाचत होते. "गाढवा! गप बस! अरे, गप बस!" पण तो पोरगा ऐकेना. त्याची आजी टॉलेरुडची होती.

"नको नको," मायलो तिसऱ्यांदा म्हणाला.

"झालं तर मग," पंच म्हणाला, "तीनदा नको म्हटलंस. आता आपल्याकडे घ्यावंच लागतं." आणि त्याने दोन्ही हात वर केले. सोळा-तेरा.

या वेळी आमच्या लोकांना ओरडायचं असतं हे आठवलं. डॉ. हेगेनांनी टोपी फेकली. फेकल्यावर जाऊन उचलून आणली.

आमचे स्कोग गाडीतून उतरून केसलिंगच्या स्कोगांकडे निघाले. तो बुटका माणूस बर्फात खाली बसला होता.

"माझं सांत्वन करायचं नाही," तो न बघताच म्हणाला. "सांगून ठेवतो. हात खिशात घाला."

आमच्या स्कोगांनी हात खिशात घातले. "नाही हो. मला एक विचारायचं होतं. मघाशी तो माणूस पिवळा रुमाल टाकत होता, तो कशासाठी?"

बुटक्या स्कोगांनी मान वर केली. "तुम्ही अख्खा हंगाम काढलात, आणि कुणी नियम मोडला की पंच टाकतात तो पिवळा रुमाल तुम्हाला माहीत नाही?"

"मला वाटलं, कुणाला रडू आलं तर."

तळघरात ते दोघे कोपऱ्यातल्या टेबलावर बसले. केसलिंगच्या स्कोगांनी साखरेचे खडे, लोणच्याचे तुकडे आणि दोन चमचे मांडून खेळ समजावायला सुरुवात केली. दोनदा ते ओरडले, एकदा लोणच्याचा तुकडा खाऊन टाकला आणि म्हणाले, "हा बाद." आमचे स्कोग काळजीपूर्वक मान हलवत होते. दोन्ही टीमची पोरं भोवती उभी. सँडविच कुणाचे हा प्रश्न त्या दिवशी कुणी काढला नाही.

मी स्वयंपाकघरात बोर्गहिल्डबाईंना कपबशा विसळायला मदत करत होतो. आग्नेसबद्दल मी त्यांना आदल्या आठवड्यात सांगितलं होतं. मला जे बोलता आलं नाही ते त्यांना येईल असं वाटलं होतं. त्यांनी हात पुसले, एक ताटली भरली आणि बाहेर जाऊन स्कोगांसमोर ठेवली.

"तुमच्या आग्नेसचं कळलं," त्या म्हणाल्या. "फार वाईट झालं."

स्कोगांनी ताटलीकडे बघितलं, मग त्यांच्याकडे. हे शब्द त्यांनी आयुष्यात किती हजार वेळा उच्चारले असतील. पण ते ऐकून माणूस काय म्हणतो, हे त्यांनी कधी लक्ष देऊन ऐकलंच नव्हतं, बहुतेक.

"यावर काय म्हणायचं असतं?" त्यांनी विचारलं.

"काही नाही म्हणायचं. खा."

ते खाऊ लागले. अर्धं सँडविच झाल्यावर थांबले, चष्मा काढला, आणि त्यांचे खांदे हलायला लागले. टेबलापलीकडे केसलिंगच्या स्कोगांनी घाईघाईने छताकडे बघायला सुरुवात केली. एल्रॉय मात्र उठला, बाक करकरला, आणि तो जाऊन स्कोगांच्या शेजारी बसला. नुसता बसला.

पुढचं सांगायचं तर, डॉ. हेगेनांनी तो विषय कधी काढला नाही आणि स्कोगांनीही नाही. नाताळात त्यांनी हार्विकचं घर भावाच्या मुलाला देऊन टाकलं, आणि आग्नेसची शिवणाची मशीन व तिची जिरेनियमची कुंडी तेवढी गाडीतून घेऊन आले. कुंडी कॉलेजने दिलेल्या खोलीच्या खिडकीत ठेवली. केसलिंगचे स्कोग वसंतात महिन्यातून एकदा यायचे, दोघे मिळून फळ्यावर गोल आणि फुल्या काढत बसायचे, आणि बाहेर ऐकू येईल असं एकच जण बोलायचा.

दुसऱ्या वर्षी ऑगस्टमध्ये सराव सुरू झाला तेव्हा आमच्या स्कोगांनी नवी शिट्टी आणली होती. उन्हात काळा कोट काढून, बाह्या दुमडून ते मैदानाच्या मधोमध जाऊन उभे राहिले. खिशातून रुमाल काढून शिट्टी पुसली, आणि वाजवली. एवढी जोरात की सूर्यफुलांतून पाखरांचा थवा उडाला. नवी-जुनी सगळी पोरं होती तिथे थबकली आणि त्यांच्याकडे बघू लागली.

पुढे काय सांगायचं ते त्यांनी ठरवलेलं नव्हतं, हे मला लांबूनही दिसत होतं. ते जरा घोटाळले. मग त्यांनी हात वर करून समोरच्या टोकाकडे दाखवलं, आणि पोरं पळत सुटली.